मामंजींच्या कुळात

लेक आठ दिवसांची झाली त्या पहाटेची गोष्ट. घानातल्या केप कोस्टला, सासरच्या अंगणात, तिला नाव ठेवण्याचा विधी नुकताच आटोपला होता. माझी आई बाळंतपणासाठी कराडहून आलेली होती आणि नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सासऱ्यांच्या बाजूचे एक वयोवृद्ध गृहस्थ खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि माझ्या नवऱ्याकरवी त्यांनी विचारलं, "तुमचं एबुसुआ कुठलं?"

एबुसुआ म्हणजे कुळ, एवढं मी आईला सांगून ठेवलं होतं. तिने आमचं आडनाव सांगितलं.

"ते तुमच्या यजमानांचं झालं. तुमचं?"

आईने माहेरचं, पाटणचं आडनाव सांगितलं.

"ते तुमच्या वडिलांचं. तुमच्या आईचं?"

आईने आजोळ सांगितलं, चाफळचं.

"तेही त्यांच्या वडिलांचंच ना? त्यांच्या आई कुठल्या?"

आई गप्प झाली. बाळाचं दुपटं उगाच सारखं करत राहिली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अगं, आमच्या आजीचं माहेर कुठलं, ते मला कुणी सांगितलंच नाही. मीही कधी विचारलं नाही."

त्या गृहस्थांच्या बोलण्यात उलटतपासणी अजिबात नव्हती. ते नुसती मान हलवत राहिले, आईच्या हातावर हात ठेवला आणि उठले. पण त्यांच्या प्रश्नाने जे सुरू झालं ते पुढे वर्षभर चाललं आणि त्याच्या शेवटी मी एका नव्या कुळाची लेक झाले. ते कसं झालं, ते सगळं लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

माझा नवरा पुण्यात शिकायला आला होता, तिथे आमची ओळख झाली. लग्नाआधी तो त्याच्या घरच्यांबद्दल बोलायचा तेव्हा मला वाटायचं, हे सगळं आपल्यासारखंच आहे. काही अंशी ते खरंही आहे. फान्टी हे घानाच्या मधल्या किनारपट्टीवरचे लोक, मोठ्या अकान समूहातले. उत्तरेकडच्या टेचिमानहून तीन म्होरक्यांच्या मागोमाग आपले पूर्वज मांकेसिमला आले आणि तिथून किनाऱ्यावर पसरले, असं ते सांगतात. त्यांची सात मोठी कुळं. अनोनांचा पोपट, त्विदानांचा बिबट्या, न्त्वेआंचा कुत्रा, न्सोनांचा कावळा. एका कुळात सोयरीक होत नाही, मग एक जण केप कोस्टचा आणि दुसरा अक्र्याचा का असेना. आमच्याकडे देवक असतं, तसंच. आमचं देवक कळंबाचं. ज्यांचं देवक तेच, त्यांच्याशी लग्न जुळवत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. नवऱ्याने "आम्ही पोपटाचे" म्हटलं तेव्हा मला ते लगेच कळलं.

कळलं नव्हतं ते एवढंच, की हे कुळ फक्त आईकडून येतं. बापाचं एबुसुआ वेगळं, मुलांचं वेगळं. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे बाप-लेक दोन कुळांचे. माझे सासरे न्सोना, म्हणजे कावळ्याचे. सासूबाई अनोना, म्हणून माझा नवरा आणि त्याची भावंडं अनोना.

माणसाची घडण कशी होते, याबद्दल अकानांची समजूत अशी: रक्त आईचं, ते बोजा. तेज किंवा स्वभाव बापाचा, तो सुन्सुम. आणि प्राण, क्रा, तो थेट न्यान्कोपोनकडून, म्हणजे देवाकडून येतो. ज्या वारी येतो त्या वाराचं नाव माणसाला चिकटतं. माझी लेक गुरुवारची. गुरुवारच्या मुलीचं फान्टी नाव आबा. माझ्या वडिलांना घरात सगळे आबाच म्हणतात. फोनवर त्यांना हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "मला कुणी न सांगता माझं नाव ठेवलंत होय?" आणि रडायला लागले.

नाव ठेवायचा मान बापाकडच्यांचा. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्याच चालीचं हे वाटलं मला. आठ दिवस बाळ घराबाहेर काढत नाहीत. तोवर ते पाहुणं, राहील की परत जाईल याचा भरवसा नाही. आठव्या दिवशी उजाडता उजाडता त्याला अंगणात आणतात. आधी मेथडिस्ट चर्चच्या एका ज्येष्ठांनी प्रार्थना म्हटली. केप कोस्टला मेथडिस्ट मिशनरी १८३५ साली आले, आणि सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच चर्चमधली आहेत. मग मामंजींनी बाळाला घेतलं.

इथे जरा थांबते. सासऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून मामंजी म्हणत आले. माझ्या आईने तिच्या सासऱ्यांना म्हटलं, आजीने तिच्या. माझ्या तोंडात दुसरा शब्द नव्हताच. नवऱ्याने त्याचा अर्थ त्यांना सांगितला तेव्हा ते फार खूश झाले होते. "मामा? वोफा? हा तर बापापेक्षा मोठा मान झाला," असं म्हणाले होते. त्या शब्दाला पुढे काय वळण लागणार होतं, ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तर मामंजींनी दोन पेले पुढे ठेवले, एकात पाणी आणि एकात जिन. पाण्यात बोट बुडवून बाळाच्या जिभेवर टेकवलं. "पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे." असं तीनदा. मग जिनचा थेंब. "दारू म्हणशील तेव्हा ती दारूच असू दे." तेही तीनदा. दोन्ही सारखीच नितळ दिसतात, पण खरं आणि खोटं यातला फरक जिभेला आयुष्यभर कळावा, यासाठी. आठ दिवसांच्या जीवाचं तोंड दुसऱ्या चवीला असं वाकडं झालं की अख्खं अंगण हसलं. मग मामंजींनी नाव उच्चारलं: आबा, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नाव.

ती बहीण, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिने पदरासारखं अंगावरचं कापड तोंडाला लावलं.

म्हणजे लेकीला प्राण मिळाला, वाराचं नाव मिळालं, बापाकडचं तेज मिळालं. बापाचं असाफोही मिळालं. असाफो ही फान्टी लोकांची जुनी लढवय्यांची पथकं. केप कोस्टला अशी सात आहेत, आणि त्यांचं सभासदत्व बापाकडून मुलांना येतं. मामंजी बेन्त्सिर पथकाचे, त्यांचा रंग लाल. बाळाच्या मनगटाला लाल दोरा होताच. एवढं सगळं मिळालं, फक्त एबुसुआ नाही. कारण ते माझ्याकडून यायचं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

हे नुसतं शोभेचं नाही. जमीन वापरायला कुणाची, आजारपणात पैसा कुणी उभा करायचा, लग्नाच्या बोलणीला कुणी बसायचं, मेल्यावर देह कुणी ताब्यात घ्यायचा, हे सगळं एबुसुआवर चालतं. एबुसुआफी नावाचं कुळाचं घर असतं. कुणीही, कधीही, हरलेलं किंवा फाटलेलं, तिथे येऊन पडू शकतं. माझ्या लेकीला असं दार नव्हतं. नवरा म्हणाला, आजकाल शहरात इतकं कोण बघतं? त्याचं खोटं नव्हतं. पण आईचा तो गप्प झालेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आत्याने विषय काढला तो बाळ तीन महिन्यांचं असताना. तिची हयात मासळीच्या धंद्यात गेली. किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळी घ्यायची, मातीच्या भट्ट्यांवर धुरी द्यायची आणि बाजारात पाठवायची. तिच्या हातांना, केसांना तो धुराचा वास कायम असतो आणि आता माझी लेक त्या वासानेच झोपते. ती आली, न्हाऊ-माखू घालून झालेल्या बाळाला तिने उचललं आणि म्हणाली, "माझं नाव लावलेली पोर बिनाकुळाची राहणार नाही."

मी भाबडेपणाने विचारलं, "मग अनोना करा ना हिला. बापाचं कुळ."

ती दचकलीच. बाप अनोना, लेक अनोना, म्हणजे आईही अनोना असायला हवी. आणि आई अनोना असेल तर तिने सख्ख्या कुळातल्या पुरुषाशी संसार मांडला, असा अर्थ होतो. इतकं मोठं पाप कुणी विधी करून ओढवून घेत नाही. मला घेता येणार होतं ते दुसऱ्या कुळात. आणि आत्याचं कुळ न्सोना. तिने मला लेक म्हणून घेतलं तर मी न्सोना, माझी लेक न्सोना. नवरा माझा मामेभाऊ झाला असता. त्यात अडचण काहीच नाही, अकानांत आते-मामे भावंडांची लग्नं पूर्वापार होत आली आहेत. आणि आत्याचे सख्खे भाऊ, माझे सासरे, माझे खरेखुरे मामा झाले असते.

हे मला उमगायला दोन मिनिटं लागली. मग मी हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं मामंजी म्हणत होते, ते खरं होणार होतं.

पण आत्याने म्हटलं आणि झालं, असं नसतं. आधी तिने आपल्या बहिणींना विचारलं, मग कुळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंना. कुळप्रमुख पुरुष असतो, एबुसुआपानिन. पण कोण कुणाच्या पोटचं, हे या वडीलधाऱ्या बायांनाच ठाऊक, म्हणून अशा बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन. त्या हो म्हणाल्या. मग बैठक झाली, तिथे एकाने उघड विरोध केला. परकी बाई उद्या आपल्या देशात निघून गेली तर? तिच्या मुलांनी घरात वाटा मागितला तर? मला राग आला नाही. एकदा आत घेतलं की बाहेर काढता येत नाही, तेव्हा आधी कुणीतरी हे विचारायलाच हवं होतं. या सगळ्यात पाच-सहा महिने गेले. आत्या प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची, "तांदूळ शिजतोय, झाकण उघडू नका."

शेवटी बैठकीत ठरलं, पण एका अटीवर. केप कोस्टच्या परिसरातलेच एक नामवंत वकील होऊन गेले, जॉन मेन्सा सार्बा. त्यांनी १८९७ साली फान्टी रूढ कायद्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात दत्तकाबद्दल दोन गोष्टी आहेत: ते चारचौघांसमोर, साक्षीदारांपुढे, उघड व्हायला हवं, आणि ज्या घरातून माणूस घेतलं त्या घराची संमती हवी. एबुसुआपानिनांनी पुस्तकाचं नाव घेतलं नाही, पण अट नेमकी तीच घातली. "हिचा वोफा कोण? त्याने द्यायला हवी."

त्यांनी माझ्या वडिलांना विचारलंच नाही. त्यांच्या हिशेबी माझा मालक बाप नव्हे, मामा.

पाटणला मामाला फोन लावला. मामाचा पहिला उद्गार, "दत्तक? आम्ही काय मेलोय का?" मी सगळं परत सांगितलं. आडनाव बदलणार नाही, माहेर तुटणार नाही, हे सांगितलं. शेवटी म्हटलं, "मामा, इथे तुमचं मत वडिलांच्या आधी विचारलंय." तो जरा मवाळला. "कुळाची खूण काय म्हणालीस त्यांची?"

"कावळा."

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "कावळा? मग आपलेच की ते, पोरी. आईच्या दहाव्याला शिवला होता बघ, पहिल्या हाकेला."

मी आणखी एक मागणं घातलं. पणजीचं माहेर. आईला जे सांगता आलं नव्हतं, ते मामाला कुठून सापडतं का. तो म्हणाला, बघतो.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. आजीला लग्नात तिच्या आईने स्वतःचा पितळेचा हंडा दिला होता, तो माळ्यावर उपडा पडलेला. मामाने तो उतरवला आणि मामीने चिंच-मीठ लावून घासला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं निघाली, जुन्या वळणाची, काही झिजलेली: पणजीचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, शके १८५२ आणि गाव, हेळवाक.

कोयनेच्या खोऱ्यातलं हेळवाक. त्या गावावरून आमची एसटी कितीदा गेली असेल. खिडकीतून एकदाही वाटलं नव्हतं की हे माझं काही लागतं. मी कराडची, आई पाटणची, आजी चाफळची, पणजी हेळवाकची. चार बायका, चार गावं. प्रत्येकीने आपलं गाव मागे टाकलं आणि पुढचीला ते सांगायचं राहून गेलं. सासरच्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या आमच्याकडे कुणीही घडाघडा म्हणून दाखवतं, आणि जिच्या पोटातून आपण आलो तिची तिसरी पिढी शोधायला माळ्यावरचा हंडा उतरवावा लागला. त्या आजोबांनी आईला विचारलं नसतं तर तो हंडा मोडीत गेला असता.

विधी मंगळवारी ठरला. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी इथे होड्या पाण्यात घालत नाहीत, समुद्राच्या दैवताला, बोसोम्पोला, विसावा. कोळी जाळी दुरुस्त करत बसतात आणि मासळीवाल्या बायांना सवड असते. आत्याच्या बरोबरीच्या सगळ्या आल्या. न्सोनांच्या कुळघरात, उतरत्या छपराच्या अंगणात, सकाळी साडेनऊला आम्ही बसलो. पाटणला तेव्हा दुपारचे तीन.

इथे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग येण्याचं कारण विचारतात. माझ्या बाजूने नवरा आणि त्याचे अनोनातले दोन जण. आम्ही कुठून आलो हे सगळ्यांना माहीत, तरी रीतीने विचारलं गेलं, रीतीने सांगितलं गेलं. एबुसुआपानिन थेट बोलत नाहीत. त्यांचं बोलणं ओकीआमे, म्हणजे त्यांचा वाणीदूत, पुढे नेतो. त्यामुळे प्रश्न निघायचा एबुसुआपानिनांकडून, ओकीआमेतर्फे माझ्या नवऱ्याकडे, नवऱ्याकडून मराठीत फोनमधल्या मामाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. नवऱ्याचं मराठी पुण्याचं, मामाचं पाटणचं. तरी एक शब्द सांडला नाही.

मामा फेटा बांधून बसला होता. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मागे आई आणि आबा, शेजारी तो हंडा, लख्ख घासलेला.

"तुमची भाची आमची लेक म्हणून मागतो. द्याल का?"

मामाने हात जोडले. म्हणाला, "तिला पदरात घेताय, तर पदर फाटू देऊ नका. आमचं दारही उघडंच राहील. दोन दारांची पोर होऊ दे." मग त्याने हंडा उचलून कॅमेऱ्यापुढे धरला आणि कोरलेली नावं वाचून दाखवली. नवऱ्याने एकेक गाव सांगितलं. हेळवाक. चाफळ. पाटण. कराड.

अंगणातल्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. आत्या उठून आत गेली आणि बाहेर आली ती एक रुंद पितळी परात घेऊन, तळाला चेपलेली, काठ झिजून धारदार झालेला. तिच्या आजीच्या आजीची. या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी १४८२ साली एल्मिनाचा किल्ला बांधला, आणि सोन्याच्या बदल्यात त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी जे काय आणून ओतलं त्यात पितळेची भांडी फार होती. ती बायकांकडे आईकडून लेकीकडे येत राहिली. आत्याने परात फोनसमोर धरली. तिकडे हंडा, इकडे परात. माझी आई पहिल्यांदा मनमोकळं हसली.

बाकीचं भराभर झालं. एबुसुआपानिन पायातल्या वहाणा काढून उभे राहिले. श्नॅप्सची बाटली फोडली, थोडी थोडी जमिनीवर ओतत त्यांनी आधी देवाला हाक घातली, मग असासे एफुआला, म्हणजे धरणीला, जिचा वार शुक्रवार, आणि मग कुळातल्या गेलेल्यांना, एकेकाच्या नावाने. शेवटी माझं नाव घेतलं. पूर्वजांच्या यादीच्या शेपटाला आपलं नाव ऐकताना अंगावर काटा आला. मी असेदा दिलं. असेदा म्हणजे मिळालेल्या गोष्टीबद्दल साक्षीदारांसमोर ठेवलेली आभाराची रक्कम आणि दारू; ती स्वीकारली की व्यवहार पक्का, मग कुणाला मागे फिरता येत नाही. ज्यांनी बैठकीत विरोध केला होता, त्यांनीच ती हातात घेतली आणि मोजली. आत्याने परातीतल्या पाण्यात कालवलेली पांढरी माती माझ्या मनगटांना लावली, लेकीच्या कपाळाला लावली. मग एतो आलं: कुस्करलेला सुरणासारखा याम, पामतेलाने पिवळाजर्द, वर सोललेली उकडलेली अंडी. आत्याने अख्खं अंडं माझ्या तोंडाशी धरलं आणि म्हणाली, दाताने तोडू नकोस, सगळं घे.

शेवटी ओकीआमेने एक नियम मोठ्याने सांगितला. अकानांचा हा जुना नियम आहे: कुणाचं मूळ कुणी उकरायचं नाही. आजपासून ही न्सोना. ही कुठून आली, असं यापुढे कुणी म्हणायचं नाही.

मला मात्र त्याच आठवड्यात माझं मूळ सापडलं होतं.

त्या दिवसापासून मी आत्याला एना म्हणते, आई. आणि मामंजींना वोफा म्हणायला गेले तर ते म्हणाले, "नको. मामंजीच म्हण. कानाला सवय झालीय."

२०२३ साली मामंजी गेले.

एबुसुआचा अर्थ मला खरा कळला तो तेव्हा. माझा नवरा त्यांचा थोरला मुलगा, शेवटच्या रात्री त्यांचा हात धरून बसलेला. पण वडील गेले हे जाहीर करायचा अधिकार त्याला नाही. सकाळी तो भावांना घेऊन, बाटली घेऊन, न्सोनांच्या एबुसुआपानिनांकडे गेला आणि रीतीने कळवलं. देह त्यांच्या ताब्यात गेला. तो शवागारात किती आठवडे ठेवायचा, अंत्यविधी कुठल्या शनिवारी, काय खर्च करायचा, हे सगळं बापाच्या कुळाने ठरवलं. मुलगा दाराबाहेर बसून निरोपाची वाट बघत होता. मुलांचं कर्तव्य शवपेटी आणायचं, ती त्यांनी आणली. घरी येऊन तो म्हणाला, "बाप माझा आहे, आणि आत काय बोलणं चाललंय ते मला कुणी सांगत नाही."

आत मी होते. न्सोनांची लेक म्हणून मी त्या बैठकीत बसले होते, आणि मला तिथून उठून त्याला काही सांगायची मुभा नव्हती. त्या सात आठवड्यांत आमच्यात जितकी शांतता होती तितकी कधीच नव्हती. या रीतीत प्रेम आहे, तसा हा काचही आहे. तो मी रोज रात्री माझ्या घरात पाहिला.

घराचा प्रश्न निघाला तेव्हा मला बोलावंसं वाटलं, पण बोलायची वेळ आली नाही. पूर्वी पुरुषाची मिळकत त्याच्या भाच्याकडे जायची आणि बायको-मुलं घराबाहेर पडायची. १९८५ साली घानात कायदा आला: मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाचं स्वकष्टाचं राहतं घर आणि घरातलं सामान बायको-मुलांचं, उरलेल्या मिळकतीतला एक लहान हिस्सा तेवढा रूढीप्रमाणे जातो. एबुसुआपानिनांनी स्वतःच सांगितलं, घराला कुणी हात लावणार नाही. सासूबाई अजून त्याच घरात आहेत.

शनिवारी अंत्यविधी झाला. कुळाची माणसं एका मांडवात, काळ्या-लाल कपड्यांत. मुलं आणि सासूबाई समोरच्या मांडवात. मी नवऱ्याच्या समोर, पंचवीस पावलांवर. लोक येत होते, आधी आमच्या रांगेशी हात मिळवत उजवीकडून डावीकडे जात होते. माझ्या हाताशी आल्यावर कुणी थबकलं नाही. सगळं होत आलं तेव्हा एनाने गायला सुरुवात केली. फान्टी मेथडिस्ट बायका चर्चमध्ये बायबलमधल्या गोष्टी आपल्या चालीत, आपल्या शब्दांत, वाक्याला वाक्य जोडत गातात; त्याला एबिबिन्द्वोम म्हणतात. एक जण सांगते, बाकीच्या झेल घेतात. एना भावाचं नाव त्यात गुंफत होती. तिचा आवाज फुटला तिथे मागच्या बायांनी ओळ उचलली, आणि झेल सुटला नाही. मला शब्द निम्मेच कळत होते. मी झेल घेत होते.

रविवारी पांढऱ्या कपड्यांत आभाराची प्रार्थना झाली. सोमवारी कुळघरात हिशेब. कुळातल्या प्रत्येक मोठ्या माणसावर वर्गणी बसते, बाई असो की बाप्या. ती लाल रेघांच्या वहीत लिहितात. लिहिणारा तरुण पान उलटत एकेकाचं नाव पुकारत होता. माझं नाव आलं, मी पैसे दिले, त्याने खूण केली. लेक माझ्या शेजारी केळीच्या वाळल्या पानातलं केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, सोडवत बसली होती, गुडघ्यावर ठेवून, मासळीच्या वासाच्या बोटांनी.

"आणि ही?" त्याने लेखणी थांबवून तिलाच विचारलं. "तुझं एबुसुआ कुठलं गं?"

"न्सोना," ती म्हणाली. पानाची गाठ काही सुटत नव्हती, म्हणून तिने ती दाताने ओढली.